टेलिफोनच्या तारेवरून हिशेब : मोडेमची दुखणी कशी ओळखायची



गेल्या महिन्यात जळकोट गट कार्यालयातले जुने लोखंडी कपाट रिकामे केले. खालच्या कप्प्यात ऊसनोंदीच्या फाटक्या वह्यांखाली एक काळी डबी निघाली. पुढे लाल दिव्यांची ओळ, मागे टेलिफोनची तार खोचायची दोन भोके. नव्याने लागलेली पोरे विचारू लागली, "हे काय असतं ओ?" मी म्हणालो, "हे मोडेम. ह्यानं आमची एका हंगामाची झोप खाल्लीय." पोरे हसली. संपादक मंडळींनी मात्र गोष्ट मनावर घेतली आणि यावर एक पाठ लिहून द्या म्हणाले. म्हणून हे लिखाण.

टेलिफोनवरून नंबर फिरवून संगणक जोडायची ही पद्धत, म्हणजे डायल-अप, आता आपल्या भागातून गेली. अमेरिकेतल्या एओएल या जुन्या कंपनीनेसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. तरी पाठ लिहायला हरकत नाही. एक तर आपल्यातल्या पुष्कळांनी त्या काळात "लाईन खराब आहे" एवढे एकच उत्तर ऐकले आहे, त्या उत्तरामागे काय होते ते कळावे. दुसरे म्हणजे शेतातली नोंद कारखान्यापर्यंत पाठवायचे काम आजही रोज चालते. वाहन बदलले, खाचखळगे तेच आहेत.

प्रथम मोडेम काय करते ते पाहू. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी ओढलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच आवाजाला तिच्यावर वाट असते. त्याच्या खालचा-वरचा आवाज एक्सचेंजच्या यंत्रणेत गाळला जातो. संगणकाला बोलणे येत नाही, त्याला फक्त आहे-नाही, एक-शून्य एवढेच कळते. मोडेम हा मधला दुभाषी. तो एक-शून्याचे सूर करून तारेवर सोडतो आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे परत एक-शून्य करतो. सुरुवातीला जो चीं-चीं, खर्र-खर्र आवाज यायचा, तो या दोन दुभाष्यांचा सौदा असायचा : तार किती चांगली, किती वेगाने बोलायचे, चूक झाली तर काय करायचे. सौद्याच्या मध्येच तोच खर्र आवाज पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, की समजायचे तारेत खोट आहे.

वेग सेकंदाला किती बिट यावर मोजतात. २४००, ९६००, १४,४००, २८,८००, ३३,६०० आणि शेवटी ५६,००० अशा पायऱ्या होत्या. मजकुराच्या एका अक्षराला ८ बिट, पुढे-मागे खुणेचे दोन, असे १० धरा. म्हणजे ९६०० च्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरे. एका सभासदाच्या नोंदीची ओळ १०० अक्षरांची धरली, तर ५०० ओळींची यादी ५० हजार अक्षरांची. ती ९६०० ला ५२ सेकंदांत जाते, २४०० ला साडेतीन मिनिटे घेते. पल्सप्रमाणे बिल यायचे त्या दिवसांत हा फरक खिशाला कळायचा.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. जोडणी लागली की पडद्यावर कधी कधी ११५२०० असा आकडा दिसायचा आणि आम्ही खूश व्हायचो. तो आकडा संगणक ते मोडेम या हातभर वायरचा वेग. तारेवरचा वेग वेगळा आणि फार कमी. गाडीतळापासून गव्हाणीपर्यंत ट्रॅक्टर किती जोरात गेला, यावरून शेतातून कारखान्यापर्यंतच्या रस्त्याची पारख होत नाही, तसेच हे. आणि ५६,००० चा मोडेम आणला तरी खेड्यात तो वेग का मिळत नव्हता, तेही ऐका. तो वेग मिळायला तुमच्या घरापासून एक्सचेंजपर्यंतचा तुकडा सोडून पुढचा सगळा मार्ग डिजिटल लागतो. मध्ये कुठेही जुन्या पद्धतीची जोडणी आली, किंवा तार फार लांबची असली, की मोडेम मुकाट्याने खाली उतरतो. डबीवर छापलेला आकडा ही मर्यादा असते, वचन नव्हे.

साखर कारखाना आणि मोडेम यांची गाठ मोठ्या प्रमाणावर पडली ती वारणानगरला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. गावात केंद्र, केंद्रात संगणक, आणि टेलिफोनवरून तो वारणानगरला जोडायचा. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, खताची उचल, बिलाची रक्कम हे सगळे शेतकऱ्याला गावातच कळावे हा हेतू. कल्पना मोठी होती आणि ती सहकारातून आली याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले, तेव्हा त्यांना दिसले की केंद्रातले संगणक मुख्यतः उसाच्या नोंदी देण्याघेण्यापुरतेच वापरले जातात. मग २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम करून पाहिले गेले. चार आकडे पाठवायला एवढा पसारा कशाला, हा प्रश्न आमच्याही मनात यायचा. पण आमच्याकडे तेव्हा मोबाईलची रेंज कुठली?

आता आमच्या जळकोटचे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव, नळदुर्ग जवळ, काळी जमीन. २००१-०२ च्या गाळप हंगामाआधी गट कार्यालयात एक संगणक आणि ही काळी डबी आली. काम एवढेच की गटातल्या लागणीची यादी टेलिफोनवरून कारखान्याच्या शेतकी खात्याला पाठवायची, तिकडे तोडणीचा प्रोग्राम तयार व्हायचा. त्याआधी चिटबॉयच्या सायकलवरून आणि एस.टी.च्या टपालातून याद्या जायच्या. मशीन चालवायला मला बसवले, कारण मी आठवडाभराचा वर्ग केलेला एकटाच.

पहिल्या दिवसापासून रडगाणे. नंबर फिरवावा तर पडद्यावर "डायल टोन नाही". रिसीव्हर कानाला लावला तर टोन छान ऐकू येते! चार दिवस आम्ही टेलिफोनवाल्यांना दोष दिला. खरी गोष्ट अशी की मोडेम परदेशी बनावटीचा, त्याच्या कानाला अमेरिकेतल्या टोनची सवय. आपल्याकडची टोन त्याला ओळखूच येत नव्हती. सेटिंगमध्ये "टोनची वाट पाहू नको, पण पलीकडे लाईन गुंतलेली असेल तर सांग" असा हुकूम देता येतो. मोडेमच्या भाषेत तो 'एटी एक्स ३'. तो दिल्यावर नंबर फिरला. जुन्या यांत्रिक एक्सचेंजवर टोनने नंबर लागत नसे, खटखट करणाऱ्या पल्सने लावावा लागे. तोही फरक पुष्कळांना माहीत नसायचा.

पुढचे दुखणे माऊसचे. माऊस हलवला की जोडणी लटकायची. हे भुताटकीसारखे वाटते, पण कारण साधे आहे. त्या संगणकांत पहिला आणि तिसरा सिरियल पोर्ट एकाच घंटेवर चालायचे, तसेच दुसरा आणि चौथा. माऊस पहिल्यावर आणि मोडेम तिसऱ्यावर असला की एकाच घंटेला दोघे धावत यायचे. मोडेम दुसऱ्यावर लावला आणि ते संपले. अशा दुखण्यात तारेचा काही दोष नसतो. म्हणून माझा नियम असा झाला की आधी घरातले तपासायचे, मग खांबावरचे.

तिसरे मात्र तारेचेच होते, आणि इथे माझ्या हातून चूक झाली. ती लिहितो.

जोडणी लागायला फार वेळ घेई, लागली तर यादी गोगलगाईसारखी जाई. कुणीतरी सांगितले, मोडेममधली चूक-दुरुस्ती बंद करा म्हणजे लवकर लागते. मी बंद केली. खरोखर लवकर लागू लागले, यादी झरझर गेली, मी बहाद्दर ठरलो. पण चूक-दुरुस्ती काय करते हे मला तेव्हा नीट माहीत नव्हते. ती मजकुराचे छोटे छोटे गठ्ठे बांधते, प्रत्येक गठ्ठ्यावर पडताळ्याचा आकडा लिहिते, पलीकडे पडताळा जुळला नाही तर तो गठ्ठा परत मागवते. तारेत खरखर असली की गठ्ठे सारखे परत जातात, आणि आपल्याला दिसते की काम "मंद" चालले आहे. दुरुस्ती बंद केली की मंदपणा जातो आणि त्याच खरखरीने बिघडलेली अक्षरे जशीच्या तशी पलीकडे पोहोचतात. मंद जोडणी आणि चुकीची जोडणी ही दोन दुखणी नव्हेत, एकाच तापाची दोन लक्षणे आहेत. मी ताप उतरवला नाही, थर्मामीटर फेकून दिले.

डिसेंबरात एक आबा कार्यालयात आले. दोन एकर आडसाली ऊस. पिशवीतून कागद काढत म्हणाले, "साहेब, माझी लागण नागपंचमी झाल्यावर लगेचची. माझ्या बांधाशेजारच्याची पोळ्याच्या तोंडावरची. त्याच्याकडं टोळी येऊन ऊस तोडून गेली, माझा हितं तुरे काढून उभा हाय. वशिला लावायचा असतो का आता आपल्याच कारखान्यात?" कार्यालयात दहा-बारा माणसे बसलेली. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

पावतीवर लागणीची तारीख ६ ऑगस्ट २०००. आमच्या वहीत ६ ऑगस्ट. कारखान्याच्या यादीत २६ ऑगस्ट! वीस दिवस मागे, म्हणजे प्रोग्रामात कितीतरी नंबर खाली. मी शेतकी खात्यात जाऊन आमची आलेली मूळ फाईल उघडायला लावली. तारखेच्या पहिल्या आकड्याच्या जागी वेडेवाकडे चिन्ह होते. वरच्या आणि खालच्या ओळीत २६ तारीख, म्हणून तिकडच्या कारकुनाने अंदाजाने २ घातला. त्याचा दोष म्हणावा तर थोडा. घाण मी पाठवली होती. त्याच यादीत आणखी अशा पाच जागा निघाल्या, त्यातल्या दोन क्षेत्राच्या आकड्यात.

आबांचा नंबर दुरुस्त करून घेतला, त्यांची तोड चौथ्या दिवशी लागली. पण तेवढ्या दिवसांत उभ्या उसाचे जे गेले ते गेले. त्याची भरपाई कुठल्या खात्यातून द्यायची, याला कुणाकडेच उत्तर नव्हते.

मग मी तार तपासायला बसलो. पद्धत अगदी सोपी आहे आणि जिथे तांब्याच्या तारेचा टेलिफोन आहे तिथे आजही चालते. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा. टोन बंद होते आणि काही क्षण तार मुकी होते. त्या मुक्या तारेत जे ऐकू येते ते तुमचे दुखणे. एकसारखा घुंऽऽ आवाज असेल तर विजेच्या तारेची बाधा : दोन तारांपैकी एक कुठेतरी ओल्या भिंतीला, झाडाला किंवा जमिनीला टेकलेली असते, जोडीचा तोल जातो आणि शेजारची वीज ऐकू येते. मोटारी सुरू झाल्यावर तो वाढतो का पाहा. तडतड, कटकट असेल तर सांधा ढिला किंवा गंजलेला. दुसऱ्याचे बोलणे पुसट ऐकू येत असेल तर केबलमध्ये पाणी किंवा जोड्यांची सरमिसळ. काहीच आवाज नाही पण पलीकडचे बोलणेही लांबून आल्यासारखे, तर सांध्यात रोध वाढलेला किंवा तार फार लांबची.

हे ऐकण्याआधी घरातल्या समांतर जोडण्या काढायच्या. आमच्याकडे एक जोड अध्यक्षांच्या खोलीत होता, दुसरा वॉचमनकडे. वॉचमनने रिसीव्हर उचलला की यादी तुटायची, हे कळायला आम्हाला महिना लागला! सगळे काढून, तार जिथून भिंतीतून आत येते त्या पहिल्या डबीवरच मोडेम लावून पाहायचे. तिथे चांगले चालले तर खोट तुमच्या भिंतीत. तिथेही खरखर असेल तर खोट बाहेर. ज्यांनी कॉल वेटिंग घेतले होते त्यांनी ते बंद करायचे, कारण मधली ती 'टुक' मोडेमला तार तुटल्यासारखी वाटते.

आमची खरखर तडतडीची होती. सकाळी कमी, दुपारी वारा सुटला की जास्त. वाऱ्याने वाढते म्हणजे हलणारे काहीतरी. मी रिसीव्हर धरून बसलो, पोराला सुकी बांबूची काठी देऊन बाहेर पाठवले आणि म्हणालो, "खांबाच्या अलीकडची आपलीच तार हळूच हलव, विजेच्या तारेच्या जवळ जायचं नाही." खिडकीपाशी काही नाही. पत्र्याच्या कडेला काही नाही. लिंबाच्या फांदीजवळ काठी लागली आणि कानात फुटाणे फुटल्यासारखे झाले. मागे कधीतरी तार तुटलेली, हाताने पीळ देऊन जोडलेली, वर नुसती चिकटपट्टी. पट्टी वाळून गेलेली, तांबे हिरवे पडलेले. आम्ही हात लावला नाही. टेलिफोनच्या तारेवर नेहमी ४८ व्होल्टच्या आसपास दाब असतो, पण घंटी वाजताना तो चांगलाच वाढतो, आणि खांबाजवळ विजेची तार असते. लाईनमनला जागा दाखवली. "लाईन खराब आहे" अशी तक्रार दिली की तो एक्सचेंजमध्ये बसून "टोन तर येतीय" म्हणायचा. "लिंबाजवळचा सांधा वाऱ्याने तडतडतो" म्हटल्यावर तो शिडी घेऊनच आला. पाव तासाचे काम.

त्यानंतर चूक-दुरुस्ती चालू केली आणि वेगाची वरची मर्यादा मुद्दाम १४,४०० ला बांधली. हे पुष्कळांना पटत नाही. पण मोकळे सोडले तर मोडेम २८,८०० ला लागायचे, मग खरखर आली की दोघे बोलणे थांबवून पुन्हा सौद्याला बसायचे, त्यात दहा-पंधरा सेकंद जायचे, कधी तुटायचेच. बांधलेल्या १४,४०० ला यादी एका दमात जायची. खड्ड्याच्या रस्त्याला भरलेली गाडी बेताने हाकलेलीच लवकर पोहोचते. आणखी एक : क्षणभर सूर गेला की किती वेळ थांबून फोन ठेवायचा, हा आकडा मोडेमात असतो. तो सेकंद-दीड सेकंदाचा होता, पाचावर नेला. ढगाचा गडगडाट झाला की मात्र टेलिफोनची आणि विजेची दोन्ही तारा काढून ठेवायचो. नुसता स्विच बंद करून भागत नाही, वीज टेलिफोनच्या तारेतूनही आत येते.

शेवटी पडताळ्याबद्दल. जुन्या माणसांना नवाचा ताळा आठवत असेल. ३५२ चे अंक मिळवा, १० येतात, पुन्हा मिळवा, १. गुणाकार बरोबर आला का हे ताळ्याने बघायचो. मोडेमचे पडताळेही याच जातीचे. १९७७ साली अमेरिकेत वॉर्ड ख्रिस्तेन्सन याने काढलेल्या एक्समोडेम पद्धतीत १२८ अक्षरांचा गठ्ठा आणि त्याच्या बेरजेचा एक ताळा असायचा. पण ताळ्याला एक भोक आहे. ३५२ ऐवजी ३२५ लिहिले तरी ताळा १ च येतो. नुसत्या बेरजेच्या पडताळ्यातून ०.४५ हेक्टरचे ०.५४ झालेले निसटून जाते. म्हणून पुढे अक्षराची जागाही हिशेबात धरणारा, भागाकारावर आधारलेला पडताळा आला. तो सीआरसी. झेडमोडेममध्ये तो होता, शिवाय मध्येच तुटले तर जिथे तुटले तिथून पुढे पाठवायची सोय. आम्ही मग तीच पद्धत घेतली.

एवढे करूनही आबांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. म्हणून जुन्या दिवाणजींच्या सांगण्यावरून यादीच्या शेवटी तेरीज घालायला सुरुवात केली : एकूण ओळी किती, एकूण क्षेत्र किती आणि सगळ्या लागणीच्या तारखांच्या दिवसांची बेरीज किती. यादी पोहोचली की मी साधा फोन लावायचो आणि ते तीन आकडे तोंडाने सांगायचो, तिकडून तीन आकडे यायचे. जुळले तर फोन ठेवायचा, नाही जुळले तर यादी पुन्हा. तारखांची बेरीज कशाला हवी, म्हणून शेतकी खात्यातला एक जण चिडायचा. त्याला आबांची पावती दाखवली होती; तिची एक नक्कल त्या काळ्या डबीबरोबर कपाटात अजून आहे.